उठून बसणारी खाट

१

दशरथला सपाट निजवून ठेवायचं, उशीसुद्धा द्यायची नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. एका फार्महाऊसच्या छपरावर पत्रे ठोकताना तो खाली पडला होता आणि त्याच्या पाठीचा मणका चेचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पनवेलला न्यायचं होतं. तोवर त्याला तसूभरही हलवायचं नव्हतं.

दुपार कलली आणि त्याच्या खोलीतून किंकाळी आली. संजना सिस्टर धावत आत गेली, तर दशरथ खाटेवर बसलेला होता.

बसलेला म्हणजे बसवलेला. खाटेचा डोक्याकडचा भाग वर उचलला गेला होता आणि त्याच्याबरोबर दशरथही. सलाईनची नळी निसटून लोंबत होती. चादरीवर रक्ताचा डाग हळूहळू पसरत होता. खोलीत दुसरं कोणीही नव्हतं. संजनाने खिशातला रिमोट काढून खाट खाली घेतली. दशरथचं ओरडणं थांबलं. त्याने चादरीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, माजे पाय कुठं गेले?"

रुग्णालय तसं लहानच. कर्जतहून खालापूरकडे जाताना भातखाचरांच्या कडेला एका विश्वस्त मंडळाने बांधलेलं. त्यातली ही एकच खाट विजेवर चालणारी, कुणीतरी देणगी म्हणून दिलेली. रिमोटला तार नव्हती. बटण दाबलं की डोकं वर व्हायचं, दुसरं दाबलं की खाट पुन्हा सपाट. नातेवाईक त्या रिमोटशी खेळत बसतात म्हणून संजना तो आपल्या एप्रनच्या खिशातच ठेवत असे. तेच आता तिच्या अंगाशी आलं. रिमोट तिच्या खिशात होता, तेव्हा बटण तिच्याकडूनच दाबलं गेलं, असं मंडळाची माणसं म्हणू लागली. सोमवारी बैठक होती. तिला कामावरून काढायचं आणि वर तक्रारही करायची, असं घाटत होतं. तशी तक्रार गेली तर तिला पुन्हा कुठल्याच दवाखान्यात उभं करणार नव्हते.

नीलेश वॉर्डबॉय मात्र निराळंच कुजबुजत होता. तो म्हणत होता, ही काही पहिली वेळ नाही. त्या खाटेवर येसूबाई वारली, तेव्हापासून ती खाट रोज अशीच उठून बसते.

२

झहीर बुबेरे पोलीस वायरलेसमधून निवृत्त झाले होते. माणूस बुजरा. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडायचा. पत्नी गेल्यापासून ते आणि त्यांची पुस्तकं, एवढाच संसार उरला होता. रुग्णालयातल्या डॉक्टर हर्षला त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की बाई चुकून आपल्या घरी आल्या.

बाईंनी सगळी हकीकत सांगितली. मग थोडं अडखळत म्हणाल्या, "बुबेरेसाहेब, अजून एक गोष्ट आहे. नीलेश म्हणतो, खाट उठते ती वेळ ठरलेली आहे. दुपार कलल्यावर असरची अजान झाली की उठते. कसं सांगू तुम्हाला, गावात बोललं जातंय की मशिदीतलं मशीन खाट उठवतं."

 ते मशीन झहीरभाईंनीच बसवलं होतं. भोंग्यावरून वाद नकोत म्हणून गेल्या वर्षी मशिदीत एक छोटा ट्रान्समीटर आणला, रीतसर परवानगी काढली, आणि घरोघरी लहानसे डबे दिले. मशिदीत हलक्या आवाजात अजान झाली की त्या डब्यांतून ती घराघरात ऐकू येई. साऱ्या गावाने त्यांचं कौतुक केलं होतं, हिंदू शेजाऱ्यांनीसुद्धा.

आणि आता एका माणसाचे पाय गेले होते.

यंत्रांची त्यांना जाण होती. त्यांची बुद्धी सांगत होती की हे व्हायला नको. खाटेचं यंत्र नुसत्या लहरी ऐकून हलत नाही. रिमोटकडून एक ठरावीक खूण यावी लागते. भर बाजारातल्या कालव्यात आपली हाक बुडून जाते, हे खरं. पण बाजारातला कालवा आपोआप आपलं नाव घेऊन हाक मारत नाही. परक्या लहरींनी रिमोटचा हुकूम बुडेल, नवा हुकूम तयार होणार नाही. एवढं सगळं कळत असूनही त्यांची खात्री होत नव्हती. नोकरीत त्यांनी कानांना हेडफोन लावून असले आवाज ऐकले होते, की ज्यांचा उलगडा कोणालाच करता आला नव्हता.

"मी बघतो," ते म्हणाले. "पण खाट माझ्या मशीनमुळे उठत असेल, तर ते मीच सगळ्यांना सांगेन."

३

खोलीत गेल्यावर झहीरभाईंना पहिल्यांदा दिसलं ते खाटेच्या दांडीला बांधलेलं लिंबू आणि मिरच्या. अपघातानंतर खाटेची वीज काढून ठेवली होती. तरीही आया त्या खोलीत एकट्या जायला तयार नव्हत्या. दुपार असूनही तिथे एक गारवा होता. खिडकीच्या जाळीतून वारा आत आला की पडदा आत फुगायचा आणि पुन्हा जाळीला चिकटायचा, कुणीतरी पलीकडे श्वास घेत असल्यासारखा.

नीलेशने त्यांना रंगवून रंगवून सांगितलं. येसूबाई ही मागच्याच घरातल्या गजाबाबाची बायको. तिला दमा होता. आडवी पडली की जीव घाबरायचा, म्हणून तिचं सारखं एकच म्हणणं असे, मला बसवा. ती गेल्यावर दोन-तीनदा तो खोली झाडायला गेला, तेव्हा रिकामी खाट त्याच्या डोळ्यांदेखत उठली होती. तो बाहेर पळाला. जरा वेळाने वाकून पाहिलं तर खाट पुन्हा सपाट.

"कोणी खाली केली?" झहीरभाईंनी विचारलं.

"कोनी नाय, चाचा. आपली आपण निजली."

"जरा वेळाने म्हणजे केवढ्या?"

नीलेश विचारात पडला. "मानूस बसून एक कप चहा पितो ना, तेवढाच."

झहीरभाई मनाशी ताळा जुळवू लागले. परक्या लहरींचा कालवा वेडावाकडा असतो. तो खाटेला अर्धवट उचलेल, मध्येच सोडेल, पाय वर करील. इथे मात्र कोणीतरी उठत होतं, बसत होतं, आणि पुन्हा निजत होतं.

संजनाने आधी बोलायचं टाळलं. ती रडली नाही, पण बोलताना तिचा हात सारखा त्या रिकाम्या खिशाकडे जात होता. त्या दिवशी ती टेबलाशी वाकून इंजेक्शनं भरत होती. खिसा टेबलाच्या कडेला दाबला गेला असेल का, हा प्रश्न ती रात्रंदिवस स्वतःलाच विचारत होती. शेवटी तिने तो त्यांनाही विचारला. "चाचा, खरं सांगा. माझ्याकडूनच झालं असेल का?"

 त्यांनी तिचा रिमोट हातात घेऊन पाहिला. खाट जुनी होती, दांड्यांचा रंग उडाला होता. रिमोट मात्र कोरा करकरीत. बटणांवरचे बाण जसेच्या तसे ठळक.

खाटेची दुरुस्ती करणारा संतोष बदलापूरहून आला होता. त्याने सांगितलं की जुना रिमोट बिघडला असा निरोप आल्यामुळे त्याने नवा दिला. खाट आपल्या ओळखीच्या रिमोटखेरीज कुणाचंच ऐकत नाही, हे त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

"मग जुना कुठे आहे?"

"टाकला असणार ना सर. बिघडलेला ठेवून काय करणार?"

नीलेश दारात उभा होता. हे ऐकताच तो बादली उचलून निघून गेला. झहीरभाईंनी ते पाहिलं, पण त्यांचं मन दुसरीकडे होतं. त्यांना आपल्या मशीनचीच धास्ती होती.

४

शेवटी त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मशिदीत जाऊन विनंती केली की एका दिवसासाठी असरच्या वेळी ट्रान्समीटर बंद ठेवावा, अजान नुसती तोंडाने द्यावी. कुणी खळखळ केली नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे म्हणाले की झहीर, तूच आणलंस आणि आता तूच आमच्यावर बालंट आणू नकोस.

इकडे खाटेची वीज पुन्हा जोडली. नव्या रिमोटमधले सेल काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. आता संजनाच्या खिशाचा प्रश्न नव्हता. मशिदीच्या मशीनचाही नव्हता. तरीही खाट उठली, तर दोघांचीही सुटका होती.

डॉक्टर हर्षला, संजना, नीलेश, सगळे खोलीत भिंतीला टेकून उभे राहिले. अजानची वेळ झाली. मागच्या घरांतले डबे आज मुके होते. वारा पडला होता. पडदासुद्धा हलत नव्हता. सगळे खाटेकडे बघत होते आणि खाट बिछान्यासकट निमूट पडून होती.

वेळ झाली. वेळ उलटून गेली. खाट हलली नाही.

सगळ्यांच्या नजरा खाटेवरून झहीरभाईंकडे वळल्या, आणि तेच त्यांना फार लागलं. मशीन चालू तर खाट उठते, मशीन बंद तर निजून राहते; आणि रोज नेमक्या अजानच्या वेळी कुणाचा खिसा दाबला जात नाही. याहून स्पष्ट पुरावा कुठला असणार होता? संजना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेताना दिसली, आणि लगेच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने मान खाली घातली. डॉक्टर हर्षला त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, बुबेरेसाहेब." सगळे बाहेर गेले.

 झहीरभाई मात्र खाटेवर बसले आणि मग, लाज वाटत असूनही, आडवे झाले. सोमवारी सगळ्यांसमोर काय बोलायचं, दशरथच्या बायकोला काय सांगायचं, त्यांना काहीच सुचेना. उताण्या माणसाला खिडकीतून फक्त आभाळाचा एक तुकडा दिसत होता. येसूबाई शेवटचे दिवस हेच बघत पडली असणार, असं त्यांच्या मनात आलं.

आणि त्यांच्या पाठीखाली मोटर घुमू लागली.

५

 खाट त्यांना उचलत होती. घाई नाही, हिसका नाही. आजाऱ्याच्या खांद्यामागे हात घालून कुणी बसवावं, तशी. झहीरभाईंनी मनातल्या मनात दुआ म्हणायला सुरुवात केली आणि ते मध्येच शब्द विसरले.

डोकं वर आलं तशी खिडकी बदलत गेली. आभाळ सरकलं, आंब्याचा शेंडा आला, मग रुग्णालयाच्या कुंपणाची भिंत, मग पलीकडची कौलं, आणि खाट थांबली तेव्हा खिडकीच्या बरोबर मधोमध एका घराचं परसदार होतं.

दाराच्या उंबऱ्यात एक म्हातारा बसला होता. त्याच्यासमोर दोन कप होते. एक तो प्यायला लागला. दुसऱ्यातून वाफ निघत होती, आणि त्या कपापाशी कोणी नव्हतं.

झहीरभाई हलले नाहीत. त्यांची भीती कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. ते नुसते बघत राहिले. म्हाताऱ्याने सावकाश कप संपवला, धोतराला हात पुसले, आणि शेजारची कसलीतरी वस्तू उचलून अंगठ्याने दाबली.

खाट खाली जाऊ लागली. घर बुडालं, कौलं बुडाली, आणि खिडकीत पुन्हा आभाळ भरलं.

६

"आज तुमची अजान झाली नाय का, झहीरभाई?" परसदाराच्या उंबऱ्यातून गजाबाबा म्हणाला. "बाजूच्या नाजनीनच्या घरातला डबा वाजला का मी च्या ठेवतो. आज वाट बघून बघून शेवटाला उनाकडं बघून ठेवला. उशीर झाला."

झहीरभाई उंबऱ्यावर टेकले. खाटेचा अजानशी संबंध होता, पण तो लहरींतून नव्हता, या म्हाताऱ्याच्या चुलीतून होता. एवढा सुटकेचा क्षण, पण त्यांना बरं वाटलं नाही. समोर घडी केलेली गोधडी होती, आणि गोधडीला लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला रिमोट. बाण पार झिजून गेले होते.

त्यांनी विचारलं, तेव्हा गजाबाबाने काही लपवलं नाही. दवाखान्यात रिमोट सारखा खाली पडायचा आणि बायकोच्या हाताला लागायचा नाही, म्हणून त्यानेच तो तिच्या घरच्या गोधडीला बांधून दिला होता. ती गेल्यावर पोरांनी गोधडीचं बोचकं वळलं आणि आणलं. आत हे निघालं.

"परत का नाही दिलंत?"

म्हाताऱ्याने खिडकीकडे मान वळवली. त्याची नजर अधू होती. समोरची खिडकी त्याला नुसती काळी दिसत असावी.

"दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. सगळ्यांनी बोलून बघितलं. म्हशीला बघू म्हनलं, पोरीचं करू म्हनलं. नाय शिवला. उन्हं डोक्यावर आली. मग मी म्हनलो, येसू, च्याच्या वक्ताला तुला उठवून बसवीन गं, दवाखान्यात बसवायचो तशी. रोज बसवीन. तवा शिवला." त्याने रिमोटवर हात ठेवला. "हितं खाट कुठं हाय? पन बोललो ते पाळायचं. दाबतो, च्या पितो, पुन्ना निजवतो तिला."

मध्ये एकच दिवस खाडा पडला होता, तो लेकीकडे शेलूला गेला तेव्हा.

झहीरभाईंच्या मनात आलं, की उठून जावं. संतोषला सांगून खाटेच्या आठवणीतून हा रिमोट पुसून टाकावा, म्हणजे म्हातारा खुशाल दाबत बसेल आणि कुणाला इजा होणार नाही. पण मग संजना? जुना रिमोट कुठेतरी होता म्हणे, एवढ्यावर मंडळ तिला सोडणार नव्हतं. हा रिमोट आणि हा माणूस, दोन्ही लागणार होते.

"गजाभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही दाबता ना, तेव्हा तिकडे दवाखान्यातली खाट उठते."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "तिची खाट?"

"हो."

"रोज उठत व्हती?"

"वीज चालू असली की रोज."

गजाबाबाच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघणं झहीरभाईंना सोसेना. म्हातारा खिडकीकडे वळला होता आणि त्याचे ओठ हलत होते. आयुष्यात इतकं अवघड वाक्य त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं.

"त्या दिवशी त्या खाटेवर दशरथ होता. पोशीरचा. पाठीचं हाड मोडलेला."

७

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत मंडळाची माणसं जमली. झहीरभाईंचा घसा कोरडा पडला होता, तरी त्यांनी एकेक दुवा जोडून दाखवला. परक्या लहरींचा कालवा खाट उठवून पुन्हा निजवत नाही, हे सांगितलं. अजान नाही म्हणून चहा उशिरा, चहा उशिरा म्हणून खाट उशिरा, हे सांगितलं. नीलेशला विचारलं, तेव्हा त्याने कबूल केलं की रिमोट त्याच्या पाळीत हरवला होता. बोलणी बसतील या भीतीने त्याने हरवला न म्हणता बिघडला म्हटलं. बिघडलेला रिमोट कोण दाबणार, म्हणून संतोषने तो खाटेच्या आठवणीतून काढलाच नाही. हरवला असं कळलं असतं, तर जुना पुसल्याशिवाय त्याने खाटेला हात लावला नसता.

अध्यक्षांनी घाम पुसला. म्हणाले, झालं ते झालं, यंत्राचा दोष असं लिहू. सिस्टरवर काही नाही, म्हाताऱ्याचंही नाव नको.

गजाबाबा दाराशी उकिडवा बसला होता. तो भिंतीला धरून उठला.

"यंत्राला काय कळतंय, सायेब? हे माज्या हातानं झालं, ते माज्या नावानं लिवा. बाईंनी नाय दाबलं. मी दाबलं." मग तो संजनाकडे वळला. "तुमाला लई सोसावं लागलं, बाय."

संजनाला कितीतरी दिवस साठवलेलं बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती." आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवून ती बाहेर गेली. पुढच्या पाळीची तिची वेळ झाली होती.

पनवेलहून निरोप होता. शस्त्रक्रिया झाली, दशरथच्या एका पायाचा अंगठा हलतो, दुसऱ्या पायाचं अजून सांगता येत नाही. गजाबाबाला तिकडे जायचं होतं, त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. झहीरभाई म्हणाले की मी येतो बरोबर.

गजाबाबाने चिंधी सोडून रिमोट टेबलावर ठेवला. दोघं बाहेर आले. रस्त्यावर टेंपोची वाट बघताना झहीरभाईंना राहवलं नाही. त्यांनी भीत भीत विचारलं, की नदीवर दिलेल्या शब्दाचं आता काय?

गजाबाबा रस्त्याकडे बघत म्हणाला, "सकाळी बोललो तिच्याशी. म्हनलं, येसू, त्या खाटंवर आता दुसरी मानसं निजतात. तू ऊठ तिथनं आन् घरी चल."